चार अक्षरांचा करडा गृहस्थ

दॅनला तुम्ही ओळखता, निदान चेहऱ्याने तरी. टी, एच, ए, एन अशी चार अक्षरं आणि वाक्याच्या मध्यावर ठाण मांडून उभं राहण्याची सवय. 'राम इज टॉलर दॅन श्याम' म्हटलं की राम आणि श्याम यांच्यामध्ये जो असतो, तोच हा. शाळेत त्याची ओळख 'दॅन म्हणजे पेक्षा' एवढ्या तीन शब्दांत उरकली गेली आणि त्यानंतर सगळ्यांनी त्याला गृहीत धरलं. मला आज त्याची नीट गाठ घालून द्यायची आहे, कारण इंग्रजीत इतका सरळमार्गी आणि तरीही इतका तापट गृहस्थ मला दुसरा ठाऊक नाही.

बोलण्यात तो जवळजवळ अदृश्य असतो. इंग्रज त्याच्यावर जोर देत नाहीत. मधला स्वर गिळून 'द्न' असं काहीतरी पुटपुटतात आणि पुढे जातात. आपण मात्र त्याला खणखणीत 'दॅन' म्हणून पूर्ण मान देतो. पण त्याला उच्चारातल्या मानाची फारशी पडलेली नाही. त्याचं सगळं लक्ष आपल्या शेजाऱ्यांकडे. डावीकडे कोण बसलंय, उजवीकडे कोण बसलंय, आणि ते दोघे एका जातीचे आहेत ना, एवढंच तो पाहतो. तराजू हातात धरून उभ्या असलेल्या माणसासारखा त्याचा स्वभाव झाला आहे. दोन्ही पारड्यांत तोलण्याजोगं काहीतरी ठेवा, मग त्याची तक्रार नाही. भलतंच काही ठेवलं, की त्याचं डोकं फिरलंच.

एक वाक्य घ्या. 'द मँगोज ऑफ रत्नागिरी आर स्वीटर दॅन देवगड.' कोकणात हे वाक्य कोणी बोललं तर भांडण होईल ते गोडीवरून. दॅनचं भांडण निराळंच. त्याने डाव्या पारड्यात पाहिलं तर आंबे. उजव्या पारड्यात पाहिलं तर आख्खं देवगड, म्हणजे बंदर, किल्ला, किल्ल्यातलं दीपगृह, पठारावरच्या पवनचक्क्या आणि झाडून सगळा एसटी स्टँड. फळ गावापेक्षा गोड असतं, असं विधान त्याच्या साक्षीने झालं आणि ते त्याला सहन होत नाही. त्याला तिथे 'दॅन दोज ऑफ देवगड' हवं असतं. 'दोज' म्हणजे तेच आंबे, फक्त पुन्हा नाव न घेता. दोन शब्दांची भर घातली की पवनचक्क्या आपल्या जागी परत जातात आणि आंब्यासमोर आंबा येतो. गोडीचा निकाल मग ज्याचा त्याने लावावा, त्यात दॅन पडत नाही.

वस्तू एकच असली की 'दोज'च्या जागी 'दॅट' येतं. 'द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज लार्जर दॅन पुणे' म्हटलं तर एका आकड्यासमोर नद्या, टेकड्या आणि पेठांसकट एक शहर उभं राहतं. 'दॅन दॅट ऑफ पुणे' म्हटलं की आकड्यासमोर आकडा. इतकं लांबण लावायचं नसेल तर तो अगदी किरकोळ तडजोडही करतो. 'मुंबईज पॉप्युलेशन इज लार्जर दॅन पुणेज' चालतं त्याला. पुण्याच्या शेपटाला वरचा स्वल्पविराम आणि एक एस चिकटवला, तरी तो मानतो की पुण्याची कसलीतरी गोष्ट इथे आली आहे, खुद्द पुणे नाही. एवढ्याशा अक्षरावर समाधान मानणाऱ्याला हट्टी म्हणणं मला पटत नाही. तो फक्त अचूक आहे.

आपली माणसं त्याच्याशी असं का वागतात, हे मला समजतं. मराठीत आपण 'रत्नागिरीचे आंबे देवगडपेक्षा गोड' असं बिनदिक्कत म्हणतो आणि ऐकणारा मनातल्या मनात आंबे भरून घेतो. आपला 'पेक्षा' सोशिक आहे, मागे काय चिकटवलंय याची फार चौकशी करत नाही. तीच सवय घेऊन आपण दॅनच्या दारात जातो. आणि खरं सांगायचं तर चहा पिताना गप्पा मारणारे इंग्रजही हेच करतात, त्यांनाही कोणी फासावर देत नाही. पण अर्ज, अहवाल, शोधनिबंध, करार असं काही लिहायला घेतलं की दॅन पूर्ण जागा होतो. तिथे ऐकणारा समोर नसतो. त्याने काय भरून घ्यायचं, हे त्याला विचारता येत नाही.

त्याचे भाऊबंदही याच वळणाचे आहेत. 'लाइक', 'अनलाइक', 'कंपेअर्ड विथ' हे सगळे त्याच घराण्यातले. 'अनलाइक कोल्हापूर, द मिसळ इन पुणे इज नॉट व्हेरी स्पायसी' या वाक्यात कोल्हापूर शहराची तुलना एका वाटीतल्या मिसळीशी झाली आहे. कोल्हापूरकरांना हे कळलं तर ते रागावतील आणि त्यांच्याआधी 'अनलाइक' रागावलेला असेल. 'अनलाइक द मिसळ इन कोल्हापूर' म्हटलं की घर शांत.

आता त्याच्या दुसऱ्या एका कडक नियमाकडे वळू. 'कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र.' शिखर 1646 मीटरचं, महाराष्ट्रात सर्वांत उंच, म्हणजे माहिती खरी. तरी दॅन अडून बसतो. महाराष्ट्रातलं कोणतंही शिखर म्हटल्यावर त्यात कळसूबाईही आलीच, मग ती स्वतःपेक्षा उंच कशी, असा त्याचा सवाल. 'एनी'नंतर 'अदर' घाला, 'दॅन एनी अदर पीक', म्हणजे कळसूबाई एका बाजूला झाली आणि उरलेली सगळी शिखरं दुसऱ्या बाजूला.

गंमत पुढे आहे. हा नियम एकदा अंगवळणी पडला की मुलं दिसेल तिथे 'अदर' घालतात आणि दॅन पुन्हा भडकतो. केरळातलं अनाइमुडी शिखर 2695 मीटर उंच आहे. 'अनाइमुडी इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र' हे बरोबर. तिथे 'एनी अदर पीक' लिहिलं तर अनाइमुडी उचलून महाराष्ट्रात आणून ठेवावं लागेल. म्हणजे 'अदर' घालण्याआधी विचारायचं एवढंच, की हा ज्या घोळक्याशी तोलला जातोय त्या घोळक्यातला आहे की बाहेरचा? आतला असेल तर 'अदर' हवा, बाहेरचा असेल तर नको. इंग्रजी व्याकरणात इतका स्वच्छ, तर्काला धरून असलेला नियम फार क्वचित सापडतो आणि म्हणून मला तो मनापासून आवडतो.

महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी दॅनची ही बाजू 'डिग्री बदला' या प्रश्नातून पाहिली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेली माणसं वेगळी आणि रेन अँड मार्टिनच्या व्याकरणावर पोसलेली वेगळी, पण 'नो अदर', 'व्हेरी फ्यू' आणि 'दॅन एनी अदर' हे सर्वांना पाठ. या रेनसाहेबांचा आपल्या भागाशी संबंध होता. पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि परदेशी सैन्यात भरती झालेल्या भावांची 'बो जेस्ट' ही 1924 ची गाजलेली कादंबरी त्यांचीच. वाळवंटातली साहसं रंगवणाऱ्याच लेखकाने 'अदर' कुठे घालायचा हेही शिकवावं, ही मला मोठी लोभस गोष्ट वाटते. दुःख एवढंच की परीक्षेत हा सगळा प्रकार साचा म्हणून घोकला गेला. वाक्य फिरवलं, मार्क मिळाले, पण पारड्यात काय आहे ते पाहायचं राहून गेलं.

दॅनच्या नादाने तत्त्वज्ञही अडकले आहेत. बर्ट्रंड रसेल यांनी 1905 मध्ये 'माइंड' या नियतकालिकात 'ऑन डिनोटिंग' हा प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात एक हळवा नौकामालक येतो. पाहुण्याने त्याची नौका पहिल्यांदा पाहिली आणि तो म्हणाला, की मला वाटलं होतं तुमची नौका ती आहे त्याहून मोठी असेल. मालक दुखावला आणि उत्तरला, की नाही, माझी नौका ती आहे त्याहून मोठी नाही. दोघेही खरंच बोलले. पाहुण्याला म्हणायचं होतं, की मनात धरलेला आकार प्रत्यक्षातल्या आकाराहून मोठा होता. मालकाने असं ऐकलं, की नौका स्वतःपेक्षाच मोठी आहे असं पाहुण्याला वाटत होतं. दॅनच्या उजव्या पारड्यातलं 'ती आहे' हे माप खऱ्या जगातलं की पाहुण्याच्या डोक्यातलं, हे वाक्याने सांगितलंच नव्हतं. रसेल यांना यातून संदर्भाचा मोठा सिद्धांत मांडायचा होता. मला त्यात दॅनचा स्वभाव दिसतो. अर्धवट माहिती दिली की तो दोन माणसांना भांडायला लावतो आणि स्वतः मध्ये उभा राहतो.

अर्धवट माहितीवरून आठवलं. शब्द वाचवायची मुभा तो उदारपणे देतो. 'राम इज टॉलर दॅन श्याम इज टॉल' असं कोणी म्हणत नाही. 'श्याम'वरच थांबलेलं त्याला चालतं. पण ही सवलत घरात वाद लावू शकते. 'आई लव्ह्ज द कॅट मोर दॅन बाबा.' बाबांपेक्षा मांजर आईला जास्त लाडकी, की मांजरीवर बाबांपेक्षा आईचा जीव जास्त? पहिल्या अर्थाने बाबांनी रुसावं, दुसऱ्या अर्थाने मांजरीने. 'दॅन बाबा डझ' लिहिलं तर मांजर रुसते. 'दॅन शी लव्ह्ज बाबा' लिहिलं तर बाबा. गाळलेला शब्द परत आणल्याशिवाय इथे सुटका नाही.

या गाळलेल्या शब्दांवरून त्याच्या जातीचा खटला अडीचशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. 'टॉलर दॅन आय' की 'टॉलर दॅन मी'? रॉबर्ट लाउथ यांनी 1762 मध्ये इंग्रजीच्या व्याकरणावर एक छोटं पुस्तक काढलं आणि सांगितलं, की दॅन हे उभयान्वयी अव्यय आहे. पुढे गाळलेलं क्रियापद मनात धरा आणि सर्वनामाचं रूप त्यावरून ठरवा, म्हणजे 'दॅन आय अ‍ॅम', म्हणून 'दॅन आय'. लाउथ पुढे लंडनचे बिशप झाले आणि त्यांचा शब्द शाळाशाळांत चालला. पण 'दॅन हूम' हा प्रयोग त्यांच्या नियमात बसेना, तेव्हा त्याला अपवाद म्हणावं लागलं. तीनच वर्षांनी विल्यम वॉर्ड यांनी दॅनला शब्दयोगी ठरवून 'दॅन मी'ची बाजू घेतली. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, 1560 च्या जिनिव्हा बायबलात नीतिसूत्रांच्या 27 व्या अध्यायात दॅननंतर कर्माचं रूप छापलेलं आहे. दॅनला विचाराल तर त्याला दोन्ही धंदे जमतात. बोलताना 'दॅन मी' म्हणा, औपचारिक लिहिताना 'दॅन आय अ‍ॅम' लिहा, तो कशालाही अडवत नाही. या खटल्यावर जितकी शाई खर्ची पडली तितकी पारड्यांवर पडली असती तर बरं झालं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

'देन'शी मात्र त्याची गल्लत करू नका. जुन्या इंग्रजीत दोघे एकच होते. कित्येक शतकं दोन्ही स्पेलिंग कोणाच्याही नावावर चालत आणि 1700 च्या सुमारास कुठे वाटण्या झाल्या. 'ए' याच्याकडे आला, 'ई' त्याच्याकडे गेला. आज घाईघाईत मोबाइलवर 'बेटर देन यू' असं लिहिणाऱ्यांची संख्या पाहिली की वाटण्या अजून पुऱ्या झालेल्या नाहीत असंच वाटतं.

लॅटिन गोतावळ्याशी त्याचं पटत नाही. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर हे मुळात लॅटिनमधले तुलनेचे शब्द. इंग्रजीत आले ते 'टू'ला बरोबर घेऊन. त्यामुळे आपल्या कचेऱ्यांमध्ये रोज ऐकू येणारं 'ही इज सीनियर दॅन मी' दॅन स्वतःच नाकारतो. दुसऱ्याच्या जागेवर तो बसत नाही, आणि दुसऱ्याचं कामही अंगावर घेत नाही. 'ॲज गुड, इफ नॉट बेटर दॅन' असं लिहिणाऱ्याला वाटतं, शेवटी दॅन आहे तो दोघांचं पाहून घेईल. 'ॲज गुड'ला स्वतःचा दुसरा 'ॲज' लागतोच: 'ॲज गुड ॲज, इफ नॉट बेटर दॅन'. आणि 'मोर दॅन वन स्टुडंट वॉज ॲब्सेंट' यात गैरहजर निदान दोघे, तरी क्रियापद एकवचनी. क्रियापद शेजारच्या 'वन'कडे पाहून ठरलं. दॅनचं त्याला काही म्हणणं नाही.

सगळ्यांत दुखरी जागा वेगळीच आहे. चुकीचं पारडं त्याला चिडवतं, पण पारडंच गायब केलं तर तो खचतो. जाहिरातींनी हे त्याच्याशी वर्षानुवर्षं केलं आहे. कपडे अधिक शुभ्र. दात अधिक मजबूत. 25 टक्के जास्त. कशापेक्षा? गेल्या वर्षीच्या पुडीपेक्षा, शेजारच्या कंपनीपेक्षा, की नुसत्या पाण्याने धुण्यापेक्षा? 'मोर', 'व्हायटर', 'स्ट्राँगर' हे शब्द फलकावर मोठ्या अक्षरांत नाचतात आणि दॅनला दाराबाहेर ठेवलेलं असतं, कारण तो आत आला की उजवीकडे काहीतरी ठेवावं लागेल आणि ठेवलेलं कोणीतरी तपासेल. इथे व्याकरणाची चूक राहिलेली नसते, ती गिऱ्हाइकाच्या खिशाची गोष्ट झालेली असते.

म्हणून मला ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेबद्दल आदर आहे. जाहिरात व्यवसायाने स्वतःला शिस्त लावण्यासाठी 1985 मध्ये ती मुंबईत स्थापन केली. तिच्या आचारसंहितेत तुलना करणाऱ्या जाहिरातींना परवानगी आहे, पण आपल्या मालाचा कोणता गुण दुसऱ्याच्या मालाच्या कोणत्या गुणाशी तोलला आहे हे स्पष्ट असलं पाहिजे, आणि तुलनेचा विषय असा निवडता कामा नये की जाहिरातदाराला कृत्रिम फायदा होईल. हे नियम लिहिणाऱ्यांनी दॅनला समोर बसवून लिहिले असावेत असं वाटावं, इतके ते त्याच्या मनातले आहेत.

एवढ्या चोख माणसालाही चकवा देणारं एक वाक्य आहे. 'मोर पीपल हॅव बीन टू लंडन दॅन आय हॅव.' चटकन वाचलं तर ठीक वाटतं. पुन्हा वाचा. डाव्या पारड्यात लंडनला जाऊन आलेल्या लोकांची संख्या आहे. उजव्या पारड्यात 'मी गेलो आहे' एवढंच, तिथे लोकांची संख्या कुठेच नाही. म्हणजे वाक्याला अर्थच नाही आणि तरी आपण मान डोलावली. अशा वाक्याची नोंद मारिओ मोंटाल्बेटी यांनी 1984 मध्ये एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात केली आणि त्याचं श्रेय हर्मन शुल्झे यांना दिलं. पुढे संशोधकांनी अशी वाक्यं इंग्रजी मातृभाषा असलेल्यांपुढे ठेवून पाहिली. पुन्हापुन्हा करता येण्याजोगी कृती असेल, जसं लंडनला जाणं, तर माणसं जास्त फसतात. एकदाच होणारी असेल तर कमी. म्हणजे आपलं मन माणसांऐवजी खेपा मोजत असावं, असा त्यांचा कयास. दॅन तिथे हजर असतो, दोन्ही बाजू रिकाम्या नसतात, ताल बरोबर असतो, आणि या सगळ्या थाटामाटात आपणच वजन पाहायला विसरतो.

त्याच्या नोकरीतली एक मोठी खुर्ची अलीकडे गेली. व्यवस्थापन शिकायला परदेशी जाणारी मुलं जी जीमॅट परीक्षा देतात, तिच्यात 'सेंटेन्स करेक्शन' नावाचा प्रश्न वर्षानुवर्षं असायचा. एक लांबलचक वाक्य, त्यातला एक भाग अधोरेखित आणि पाच पर्याय. 'दॅट ऑफ' हवा की 'दोज ऑफ', कंपनीची तुलना कंपनीशी आहे की कंपनीच्या नफ्याशी, हे ओळखायला मुलांना दॅनशी तासन् तास झटावं लागे. पुण्या-मुंबईच्या शिकवणी वर्गांतून किती फळे या एका प्रश्नाने भरले असतील. नोव्हेंबर 2023 मध्ये परीक्षेची नवी आवृत्ती आली आणि हा प्रश्न काढून टाकला गेला.

पण नव्या आवृत्तीतही गणित आणि आकडेवारीचे विभाग आहेत आणि तिथे दॅन आधीपासूनच मुक्कामाला आहे. '200 इज व्हॉट पर्सेंट ऑफ 150' याचं उत्तर सुमारे 133.3. '200 इज व्हॉट पर्सेंट ग्रेटर दॅन 150' याचं उत्तर सुमारे 33.3. दोन्ही प्रश्नांत आकडे तेच, क्रमही तोच. वाचताना दॅनवरून नजर निसटली, की उत्तर बरोबर शंभराने चुकतं.